कोल्हापुरात ॲक्सोलॉटल पाळायचाय? आधी एक उन्हाळा रिकामी टाकी चालवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रुईकर कॉलनीतल्या एका ताईंच्या नववीतल्या मुलाने माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये ॲक्सोलॉटल पाहिला, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. घरी दोन फुटी काचेची टाकी आहे, तिच्यात दोन गोल्डफिश आहेत. दुकानदार म्हणतो, "त्यातच सोडा, उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या टाका, खायला दाणे घाला, कागदपत्रं वगैरे काही लागत नाहीत." ताई विचारतात, हे खरं का? आणि पहिल्यांदाच पाळणाऱ्याला हे जमेल का?

ताई, दुकानदाराने एका दमात चार गोष्टी सांगितल्या आणि चारही चुकीच्या आहेत. त्याच्यावर राग धरू नका. तो मासे विकतो, आणि हा प्राणी 'मेक्सिकन वॉकिंग फिश' या नावाने बाजारात येतो, म्हणून तोही त्याला मासाच समजतो. पण ॲक्सोलॉटल उभयचर आहे, बेडकांच्या गोतावळ्यातला सॅलमँडर. त्याचे बहुतेक भाऊबंद मोठे झाले की कल्ले टाकून जमिनीवर येतात. हा मात्र जन्मभर कल्ल्यांसकट पाण्यातच राहतो, आणि तशाच पोरसवदा रूपात वयातही येतो. लांबी साधारण २३ ते २५ सेंटिमीटर होते आणि नीट ठेवला तर तो १० ते १५ वर्षं जगतो. म्हणजे तुमचा मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही हा टाकीत असणार, आणि मुलगा पुण्याला गेला तर गांडुळं तुम्हालाच कापावी लागणार. याला तयार असाल तर पुढचं वाचा.

जमेल का, याचं माझं उत्तर 'जमेल' असं आहे, पण एका अटीवर. जनावर आत्ता आणू नका. टाकी आणा, भरा, चालू करा आणि एप्रिल-मे त्या रिकाम्या टाकीवर काढा. दुपारी चारला तिचं पाणी २० अंशांच्या आसपास राहत असेल तर पावसाळ्यात खुशाल प्राणी आणा. राहत नसेल तर गोल्डफिशलाच मोठं घर द्या, तेही खूश होतील. मुलाला हे आवडणार नाही, पण कोल्हापुरात ॲक्सोलॉटल मरतो तो बहुतेक वेळा उकाड्याने किंवा घाण पाण्याने, आणि या दोन्हींची परीक्षा प्राणी नसतानाच घेता येते.

उकाड्याचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. हा प्राणी निसर्गात फक्त मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत उरला आहे. तो भाग समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचीवर आहे. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं, २० पर्यंत तो मजेत असतो, २२ च्या पुढे अन्न टाकायला लागतो आणि २४ च्या वर सतत राहिला तर आजार धरतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्याच वेळी त्याच्या अंगाला तो जास्त लागतो, आणि बुरशी-जिवाणूंना मात्र बरे दिवस येतात. तिन्ही बाजूंनी एकदम मार बसतो.

"पंखा लावला की पाणी गार होतं" असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. होतं, पण किती होतं ते समजून घ्या. टाकीवर लावलेला छोटा पंखा माठाचंच काम करतो: पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. माठ एप्रिलमध्ये गार लागतो आणि जुलैत लागत नाही, कारण हवेत आधीच ओल असली की वाफ होत नाही. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे पारा ३७-३८ ला जातो, हवा त्यामानाने कोरडी असते, तरीही पंखा पाण्याला फार तर पंचविशीच्या आत-बाहेर आणतो. पावसाळ्यात खोलीत २६ अंश असतात, पण भिंतीसुद्धा ओल्या असतात. तेव्हा पंखा एखाद-दुसरा अंश खाली आणेल, बस. म्हणजे नुसत्या पंख्यावर डिसेंबर-जानेवारी आरामात निघतील, बाकीचं वर्ष नाही. महाबळेश्वरात असता तर गोष्ट वेगळी होती.

बर्फाच्या बाटल्यांचं तर विचारूच नका. बाटली टाकली की तासाभरात पाणी तीन-चार अंश उतरतं, बाटली वितळली की तेवढंच चढतं. दिवसातून दोनदा असा झोका बसला की जनावर थकून जातं. शिवाय बाटली बदलायला घरात कायम कुणीतरी हवं. फ्रीझरमध्ये दोन-तीन बाटल्या जरूर ठेवा, पण त्या वीज गेल्यावर वापरायच्या आहेत, रोजच्या कामाला नाहीत.

मग उरतात दोन रस्ते. पहिला, चिलर. हे छोटं शीतयंत्र असतं. पंपाने टाकीतलं पाणी त्यातून फिरतं आणि ठरवलेल्या अंशावर राहतं. महाग आहे, किंमत पाच आकडी जाते आणि प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होते. घेताना टाकी किती लिटरची एवढंच बघू नका. खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश खाली आणायचंय हे विचारा. ३५ अंशांच्या खोलीत १८ म्हणजे सतरा अंशांचा फरक, आणि खोक्यावर लिहिलेली लिटरची क्षमता बहुधा त्याहून बऱ्याच कमी फरकासाठी असते. म्हणून एक माप मोठाच घ्या. तो गरम हवा बाहेर फेकतो, त्यामुळे त्याला टाकीखालच्या बंद कपाटात कोंबू नका. टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना थर्माकोल लावलात तर त्याचं ओझं कमी होईल.

दुसरा रस्ता बऱ्याच घरांना जास्त परवडतो: एसी असलेली खोली. एसी २४ वर ठेवला की हवा गार होतेच, शिवाय कोरडीही होते, आणि कोरड्या हवेत तो टाकीवरचा पंखा पुन्हा कामाला लागतो. एसी अधिक पंखा या जोडीवर पाणी विशीच्या आसपास येतं. अट एकच, एसी रात्रीपुरता नाही, उन्हाळाभर दिवसाही चालायला हवा. विजेचं बिल एका महिन्याचं बघा आणि मग ठरवा. पंखा चालू असला की टाकीतलं पाणी रोज थोडं आटतं. त्याची भर घालताना फिल्टरचं म्हणजे आरओचं साधं पाणी घाला. क्षार मागे राहतात, पाणीच तेवढं उडतं, आणि नळाचंच घालत राहिलात तर टाकीतलं पाणी हळूहळू जड, म्हणजे जास्त क्षारांचं, होत जातं.

रिकाम्या टाकीच्या काळात मुलाला एक काम लावा. वही घ्यायची, सकाळी सहाला आणि दुपारी चारला पाण्याचं आणि खोलीचं तापमान लिहायचं. मे महिन्यात एकदा मुद्दाम चार तास चिलर बंद ठेवून पाणी किती चढतं तेही बघा. वळवाच्या पावसात वीज गेली की काय होईल, हे त्या आकड्यावरून कळतं. टाकीत पाणी जितकं जास्त, तितकं ते सावकाश तापतं. मोठी टाकी घ्या म्हणतो त्यामागचं एक कारण हेच.

आता पाण्याची तयारी. माशांच्या दुकानात 'टाकी सायकल करा' म्हणतात ती हीच. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालतं. ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. प्राणी टाकीत सोडून वस्ती बसवायची म्हणजे त्याला त्याच्याच मुताच्या विषात महिनाभर ठेवण्यासारखं आहे.

प्राण्याशिवाय अमोनिया कुठून आणायचा? नवसागर. हो, तोच कल्हईवाल्याचा. रसायनशास्त्रात त्याला अमोनियम क्लोराइड म्हणतात. पण कल्हईचा नवसागर शुद्ध असतोच असं नाही, म्हणून शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा छोटा डबा घ्या. १०० लिटर पाण्याला साधारण ०.६ ग्रॅम टाकला की अमोनिया दोन पीपीएमच्या (लिटरला दोन मिलिग्रॅम) आसपास जातो. तो उतरला की पुन्हा तेवढाच टाका. टाकलेला सगळा अमोनिया २४ तासांत शून्य, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट चढलेलं, असं सलग काही दिवस दिसलं की टाकी तयार. मोजायला थेंबांचं टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्यांवरचा रंग दोन माणसं दोन प्रकारे वाचतात. नळाच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) सात-साडेसात असतो तेव्हा ठीक, पण तो आठला गेला आणि पाणीही गरम असलं तर तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो, हे लक्षात असू द्या.

इथे कोल्हापूरच्या उकाड्याचा एक फायदाही आहे. हे जिवाणू २६-२८ अंशांत भराभर वाढतात. म्हणून टाकी मार्चमध्ये गारवा न लावता बसवा, वस्ती जमू द्या, आणि मग एप्रिलमध्ये चिलर किंवा एसी चालू करून पाणी १८-२० वर आणा. थंडीत जिवाणू मंदावतात, तेव्हा खाली आणल्यावर नवसागराची चाचणी पुन्हा एकदा घ्या. २७ अंशांवर पास झालेली टाकी १८ वर नापास होताना पुष्कळदा दिसते.

पाणी कुठलं? महापालिकेचं नळाचं पाणी चालतं, क्लोरीन काढून. दुकानात 'हायपो' नावाने पांढरे खडे मिळतात, ते सोडियम थायोसल्फेट. मापात टाकलं की क्लोरीन लगेच निघतो. बाटलीतलं औषध घेणार असाल तर कोरफड घातलेलं घेऊ नका, ते माशांच्या अंगावरच्या बुळबुळीसाठी असतं आणि उभयचराच्या कातडीला नको. सह्याद्रीतल्या नद्या-धरणांचं पाणी मऊ असतं, ॲक्सोलॉटलला थोडं जड आवडतं. म्हणून टाकीत जडपणा मोजून बघा. फारच मऊ निघालं तर फिल्टरच्या डब्यात थोडा शिंपल्यांचा चुरा कापडी पिशवीत ठेवला की काम होतं. बोअरचं पाणी उलट बरंच जड निघतं, ते सरळ भरू नका, आधी मोजा. निव्वळ आरओच्या पाण्यात तर ठेवूच नका. आणि कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको: २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहरातले नळ कित्येक दिवस कोरडे होते. जुलै लागला की क्लोरीन काढलेल्या पाण्याचा एक झाकणाचा पिंप भरून बाजूला ठेवा. टँकरचं पाणी कुठून आलंय हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं.

टाकीकडे येऊ. तुमची दोन फुटी लहान पडते. एकासाठी निदान तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद घ्या; चार फुटी मिळाली तर सोन्याहून पिवळं. उंचीला महत्त्व नाही, हा तळावर चालणारा प्राणी, त्याला जमीन हवी. झाकण जाळीचं लावा, कधीतरी उडी मारतो. प्रवाह मंद हवा. स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरे. चिलर लावलात तर त्याच्या पंपाचा जोर येतो, तेव्हा परतीच्या नळीला भोकं पाडलेली आडवी नळी लावून पाण्याचा मारा काचेवर सोडा. कल्ल्यांची टोकं कायम पुढे वळलेली दिसली तर बहुधा प्रवाह जोरात आहे किंवा पाणी बिघडलंय.

तळात खडे नकोत. रंगीत खडे तर नकोतच. हा तोंड उघडून पाण्यासकट समोरचं सगळं आत ओढतो, आणि खडा पोटात अडकला की सुटका अवघड. नियम सोपा आहे: तळातली वस्तू एकतर त्याच्या डोक्यापेक्षा मोठी असावी किंवा एक मिलिमीटरहून बारीक वाळू असावी. पिल्लू १२-१३ सेंटिमीटरचं होईपर्यंत काहीच टाकू नका, उघडी काच बरी, साफही पटकन होते. लपायला जागा मात्र हवीच, कारण याला पापण्या नसतात आणि उजेड टोचतो. त्यासाठी दुकानातले प्लॅस्टिकचे किल्ले घेऊ नका. जुन्या घराचं एखादं मातीचं कौल मिळवा, कडा कानशीने घासा, दोन दिवस पाण्यात भिजवा आणि पालथं ठेवा. चार इंची पाइपचा तुकडाही चालतो. याला उजेडाचा दिवा लागत नाही. वनस्पतींसाठी लावलात तर अंधूक लावा.

आणि गोल्डफिश? नाही. गोल्डफिशला हलणारे पिसासारखे कल्ले दिसले की तो ते कुरतडतो. उलट बाजूने ॲक्सोलॉटल रात्री गोल्डफिशला गिळू बघतो. गिळला तरी भलं नाही, कारण गोल्डफिशमध्ये थायामिनेज नावाचं द्रव्य असतं आणि ते वारंवार पोटात गेलं की ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं. गप्पी, काच चाटणारा प्लेको मासा, कासव, सगळ्यांना हेच लागू. प्लेको तर त्याच्या अंगाला चिकटून कातडी खरवडतो. एकटा ठेवा. त्याला एकटेपणा वाटत नाही. दोन ठेवायचेच असतील तर सारख्या आकाराचे आणि दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. नर-मादी वर्षभरात कळतात, आणि जोडी झाली तर मादी एका खेपेला शेकड्यांनी अंडी देते. त्या पिल्लांचं काय करणार?

लहान पिल्लं एकमेकांचे पाय खातात, हे बघून घाबरू नका. पाय परत येतो, हाडासकट. याच गुणासाठी जगभरच्या प्रयोगशाळा याला दीडशे वर्षं पाळत आल्यात. १८६० च्या दशकात मेक्सिकोतून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला गेले, आणि आज घरोघर दिसणाऱ्यांच्या वंशावळीत त्यांचा मोठा वाटा आहे. पांढरा रंगही त्या काळापासून जपलेला. पॅरिसमध्येच काहींनी अचानक कल्ले टाकले आणि ते जमिनीवर आले, त्याचं तेव्हा मोठं नवल झालं होतं. म्हणून कुणीतरी तुमच्या मुलाला सांगेल की पाणी कमी केलं किंवा आयोडीन दिलं की हा 'बाहेर येतो'. तो प्रयोग करू देऊ नका. बहुतेक मरतात आणि जगलेले फार दिवस जगत नाहीत.

खाणं हा माझा आवडता विषय, आणि इथे आपलं कोल्हापूर उपयोगी पडतं. ॲक्सोलॉटलचं उत्तम अन्न म्हणजे गांडूळ. दाणे चालतात, बुडणारे आणि मांसाहारी माशांचे, पण जोडीला. बर्फात गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) पिल्लांना छान, मोठ्याला ते फक्त तोंड चाळवायला. आपल्या आसपास ऊसपट्ट्यात गांडूळखताचे प्रकल्प पुष्कळ आहेत, तिथे विचारा. पण तिथे दोन जातींची गांडुळं असतात. एक आयसेनिया फेटिडा: बारीक, लालसर, अंगावर पिवळट पट्टे. हे डिवचलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं, आणि कित्येक ॲक्सोलॉटल ते तोंडात घेऊन तसंच थुंकतात. दुसरं युड्रिलस, शेतकरी त्याला 'आफ्रिकन' म्हणतात: जाड, जांभळट झाक असलेलं. ते आवडीने खाल्लं जातं. खतवाल्याला "आफ्रिकन द्या" म्हटलं की तो बरोबर ओळखतो. शेतातून किंवा बागेतून उकरून आणू नका, कीटकनाशकाचा भरवसा नाही. आणलेली गांडुळं दोन-तीन दिवस ओल्या कोकोपीटमध्ये ठेवली की पोट रिकामं करतात.

भरवताना घाई करू नका. चिमट्याने गांडूळ त्याच्या नाकासमोर बोटभर अंतरावर धरा आणि हळूच हलवा. बराच वेळ काहीच होत नाही. तो दगडासारखा बसलेला असतो, नजर त्याची मुळातच अधू. मग कल्ले एकदा मागे झटकतो, डोकं किंचित वळतं, आणि पुढच्या क्षणी गांडूळ अर्धं आत असतं. तोंड उघडलेलं तुम्हाला दिसतच नाही. दात नावापुरते, चावत नाही, ओढतो आणि दोन-तीन गचक्यांत गिळतो. म्हणून तुकडा त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको. मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं, पिल्लाला रोज. पोट डोक्याच्या रुंदीएवढं दिसलं की बरोबर. घरातलं मटण, चिकन, सुकट काहीही नको. पाहुणे हमखास काहीतरी टाकायला बघतात, टाकीवर पाटी लावा. उरलेला तुकडा अर्ध्या तासात काढायचा, आणि आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी सायफनने बदलायचं. नायट्रेट २० पीपीएमच्या खाली ठेवा.

आजारात पहिला उपाय औषध नाही, डबा. झाकणाचा स्वच्छ प्लॅस्टिकचा डबा, क्लोरीन काढलेलं, टाकीइतकंच गार पाणी, रोज पूर्ण बदल, आणि तोवर टाकीचं पाणी तपासून दुरुस्त करायचं. कल्ल्यावर कापसासारखी बुरशी, शेपटीचं टोक वळलेलं, आठवडा उपास, सारखं वर तरंगणं, या सगळ्याला सुरुवात इथूनच. डब्यात देशी बदामाचं वाळलेलं, धुतलेलं एक पान टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि कातडीला बरं वाटतं. मिठाच्या पाण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण त्याची कातडी आणि कल्ले फार नाजूक असतात, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. तांब्याची, फॉर्मेलिनची, मॅलेकाइट ग्रीनची माशांची औषधं तर अजिबात नकोत. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्री-मांजरं बघतात. प्राणी आणायच्या आधीच उभयचर बघणारा कुणी फोनवर तरी मिळतो का, ते शोधून ठेवा.

आता कागदपत्रं. "काही लागत नाही" हे वाक्य कधीकाळी खपून जायचं. आता नाही. ॲक्सोलॉटल साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि साइट्सच्या याद्यांतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. त्यानंतर २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. अर्ज परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर करायचा, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिल्लं झाली, तरी कळवावं लागतं. तेव्हा विकणाऱ्याकडे स्वतःची नोंदणी आणि प्राणी कुठून आला याचा कागद नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. घ्यायच्या आधी इथल्या वन विभागाच्या कार्यालयात एकदा विचारून या, ते सांगतात. तुम्ही नोंदणी टाळली तर त्रास प्राण्याला नाही, घरच्या मोठ्यांना होईल.

एक गोष्ट मुलाला नीट बसवून सांगा. कंटाळा आला तरी हा रंकाळा किंवा कळंबा तलावात सोडायचा नाही. उन्हाळ्यात तो तिथे मरेलच, पण त्याआधी काय पसरवून जाईल सांगता येत नाही. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी जगभर पाळीव उभयचरांच्या व्यापारातूनही पसरली आहे आणि पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडली आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी जगात दुसरीकडे कुठेही नसलेले बेडूक आहेत आणि ते आपल्यापासून फार लांब नाही. म्हणून टाकीचं काढलेलं पाणी ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात ओतू नका. संडासात किंवा मोरीत सोडा. जाळी आणि सायफन दुसऱ्या कुठल्या पाण्यात वापरू नका.

शेवटचा प्रश्न, नववीतल्या मुलाला झेपेल का. भरवणं, वही लिहिणं, पाणी मोजणं हे तो तुमच्या-माझ्यापेक्षा नीट करेल. पाणी बदलणं पहिले काही महिने मोठ्यांनी सोबत उभं राहून करावं, कारण हायपो विसरला की एका बादलीत कल्ले भाजतात. दहावीच्या वर्षी हे सगळं कोण बघणार ते आत्ताच बोलून घ्या. गणपतीला किंवा दिवाळीत गावी जाताना खाण्याची चिंता नाही. धडधाकट मोठा ॲक्सोलॉटल आठवडाभर उपाशी राहिला तरी काही बिघडत नाही, आणि शेजाऱ्यांना भरवायला सांगण्यापेक्षा न भरवलेलं बरं, ते प्रेमाने जास्त टाकतात. त्यांना फक्त दिवसातून दोनदा थर्मामीटर बघायला सांगा आणि फ्रीझरमधल्या बाटल्या कुठे आहेत ते दाखवून जा. पारा २३ च्या वर गेला तर एक बाटली टाकीत तरंगती सोडायची आणि तुम्हाला फोन करायचा, एवढंच एका कागदावर लिहून टाकीला चिकटवा.